लॅपटॉप, वीट आणि बेबीमावशीचा चहा

शहापूरला आमचं लग्नपत्रिका आणि बॅनरचं दुकान आहे. गल्ल्यात काही साठो न साठो, किस्से मात्र इतके साठतात की झाडू मारताना चार बाहेर पडतात! त्यातले निम्मे एकट्या लॅपटॉपचे. हा माझ्या लग्नाआधीपासूनचा. बिजागरी तुटलेली, म्हणून स्क्रीनच्या मागे वीट. फाइल उघडेपर्यंत गिऱ्हाईक बाकावर बसतं आणि शेजारच्या टपरीवरची बेबीमावशी चहा ठेवते. तिचा अर्धा धंदा आमच्या त्या बाकावरच चालतो.

*

लॅपटॉप रोज बजावायचा, 'सपोर्ट लवकरच संपतोय, नवीन घ्या.' माझा नवरा सुनील रोज 'नंतर आठवण करून द्या' दाबायचा.

बाकावरचे नामदेवकाका एकदा म्हणाले, "रोज येतो बिचारा नि तू रोज माघारी धाडतोस! सोयरीक घेऊन आलाय का रे तो?"

*

या काकांची सगळी नोकरी भातसानगरला, धरणावर गेली. एकदा बाकावर त्यांना डुलकी लागली आणि तापलेल्या लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला. काका दचकून उठले, "आरं, गेट कोनी उघडलं?"

सुनील म्हणाला, "गेट नाय काका, हळदीचा बॅनर उघडतोय!"

*

एका नवरदेवाचे दोन मामा. पत्रिकेत कोणाचं नाव वर, यावरून जुंपली. फाइल उघडायच्या आत एक मामा रागानं उंबरमाळीला जायला निघाला, रिक्षापासून परत आला, दोघं गळ्यात पडून रडले. फाइल उघडली तेव्हा दोघंही ओरडत होते, "त्याचंच नाव वर टाक!"

मावशीला त्या दिवशी दूध पुन्हा आणावं लागलं.

*

शेवटी मीच हट्ट धरला, नवीन घ्यायचा. लग्नसराई तोंडावर, हा मध्येच बसला तर?

मावशी कावरीबावरी झाली. "गो, शेणव्यावरनं बायोडाटा करायला आलीस, याच्यापायी बाकावर बसून रायलीस, म्हनून तुमचं जमलं. नि त्यालाच काढतेस?"

आतून सुनील म्हणाला, "म्हनूनच काढतोय, मावशे!"

दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात नुसता भात होता.

*

नवीन आला. गिऱ्हाईक टेकायच्या आत पत्रिका तयार! मावशीचा चहा पातेल्यात तसाच राहायचा. ती आमच्या रिकाम्या बाकाकडे बघत बसायची. मला फार वाईट वाटायचं.

मग एका सकाळी तीच ताट घेऊन आली. हळद, कुंकू, नारळ. "नवी वस्तू आनली, पूजा नको का गो?" माझे तर डोळेच भरून आले. केवढं मोठं मन!

तिनं लॅपटॉपला कुंकू लावलं, हात जोडले आणि नारळ टेबलाच्या कडेवर आपटला. पहिल्याच फटक्यात फुटला. सगळं पाणी कीबोर्डमध्ये. स्क्रीन काळी!

सुनीलनं माळ्यावरून जुना लॅपटॉप काढला, मागे वीट लावली, बटण दाबलं. पंखा घोंघावला. नामदेवकाका येऊन बाकावर बसले.

मावशी दारातून म्हणाली, "किती चहा टाकू?"