एकशे दहा व्होल्टची डाळ

एका भांड्याने आमच्याकडे जेवढे किस्से जमवून दिले, तेवढे अन्न काही त्यात शिजले नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो. किस्से जमायला आमंत्रण लागत नाही. चार माणसे रोज संध्याकाळी एका ओट्याभोवती जमू लागली आणि त्यांतल्या एकाला अडचण आली, की उरलेले तिघे मदतीला धावतात. आणि ते धावले, की किस्सा झालाच!

ओटा शिवलिंगआप्पांचा. बीडच्या बाजारात चाळीस वर्षे त्यांचे भांड्यांचे दुकान होते. ते विकून तीन वर्षे झाली होती आणि वहिनी जाऊन दहा महिने. तेव्हापासून दोन्ही वेळचे ताट शेजारच्या सरूबाई भिंतीवरून देत. ओट्यावर दुसरे कादरभाई, विजेच्या मोटारी रिवाइंड करणारे मिस्त्री. तिसरा मी, बसस्थानकाचा निवृत्त वाहतूक नियंत्रक. म्हणून सगळे मला ‘कंट्रोलर’ म्हणतात. सरूबाई ओट्यावर बसत नसत, परंतु भिंतीपलीकडून त्यांचे मत मात्र रोज हजर असे.

शतक संपत आले होते. नव्या सालाच्या आकड्याने संगणक भांबावतील या भीतीपोटी अमेरिकेला आमच्याकडची मुले एकाएकी हवी झाली होती. आप्पांचा मुलगा सतीश त्यांपैकी एक. त्याने एका परतणाऱ्या मित्राबरोबर खोके पाठवले आणि सोबत पत्र. त्यात लिहिले होते :

“दिवाळीला येतो. तोवर स्वतःचे जेवण स्वतः करता येऊ लागले, तर खुशाल बीडला राहा. नाही तर घराला कुलूप आणि माझ्याबरोबर चलायचे. शेजारच्या ताटावर किती दिवस काढणार? सोबत स्लो कुकर पाठवत आहे. यात नवशिक्यालाही सगळे जमते.”

मी पत्र वाचून संपवले. आप्पांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, “तिथं दिवसभर मी बोलू कोणाशी? फ्रीजशी?”

*

खोके उघडले. आत पांढऱ्या चिनी मातीचे जाड भांडे, त्याला विजेचे आवरण, वर काचेचे झाकण आणि पुढे एक खटका : मंद आणि जास्त मंद.

आप्पांनी भांडे उचलले, कानाशी धरले आणि बोटाच्या पेराने टकटक केली. चाळीस वर्षे त्यांनी प्रत्येक भांड्याची परीक्षा अशीच घेतली होती.

“आवाज बद्द हाय,” त्यांनी निकाल दिला. “ही बरणी हाय, कंट्रोलर. हिच्यात लोणचं घालतेत.”

भिंतीवरून सरूबाई म्हणाल्या, “आप्पा, जलमभर भांडी विकली तुमी. त्यातलं एक तरी कधी चुलीवर चढवून बघितलं का?”

आप्पा ताठ झाले. “विकायच्या भांड्याला काजळी लावत नसतेत!”

*

खोक्यात एक पुस्तिका होती : ‘नवशिक्यांसाठी सोपी जेवणे’. अर्थात इंग्रजीत. माझी शाळा चौथीनंतर सुटली. वाचन सुटले नाही. इंग्रजी मी शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. तेव्हा वाचनाचे काम माझ्याकडे आले आणि मी ते पूर्ण जबाबदारीने स्वीकारले. भाषांतर करताना मूळ मजकुरात फेरफार करू नये, हे माझे तत्त्व आहे. त्या दिवशी ते तत्त्व महागात पडले.

पहिला पदार्थ गोमांसाचा. आप्पा म्हणजे दर सोमवारी कपिलधारला जाणारा लिंगायत माणूस. त्यांनी “शिव शिव” म्हणत दोन्ही कानांवर हात ठेवले. मी पान उलटले. दुसरा पदार्थ डुकराच्या खांद्याचा. तिसऱ्यात एक पक्षी होता. शब्दकोशाने त्याचे वर्णन ‘मोठा’ एवढेच केले होते.

कादरभाई हसून हसून ओट्यावर आडवे झाले. “आप्पा, तुमचं ऱ्हाऊ द्या, ह्यातलं निम्मं तर मलाबी चालत न्हाई!”

शेवटच्या पानावर निदान घेवड्याच्या दाण्यांवर आधारलेला एक पदार्थ सापडला. त्यातही ‘चवीपुरते’ डुक्कर होतेच. मी सुचवले, की डुक्कर वगळून बाकीची कृती प्रमाण मानावी. उरले घेवड्याचे दाणे, कांदा, टोमॅटो, मीठ आणि पाणी.

“म्हंजे घेवड्याची उसळ,” सरूबाई म्हणाल्या. “तिला अमेरिकेचं पुस्तक कावून लागतंय?”

या प्रश्नाचे उत्तर पुस्तिकेत नव्हते.

*

आप्पा उत्साहाने खटक्याकडे हात नेणार, तोच कादरभाईंनी भांडे उलटे केले आणि तळाशी लिहिलेले वाचले. कुठलेही यंत्र आधी उलटे करून पाहायचे, ही त्यांची धंद्यातली सवय.

“थांबा! एकशे दहा व्होल्टचं हाय हे. आपल्या भिंतीत दोनशे तीस हायेत. लावलं, तर भांडं तुमच्या आधी वर जाईल.”

मग त्यांनी आठ दिवस खपून एक ट्रान्सफॉर्मर तयार केला. तो भांड्याच्या दुप्पट आकाराचा आणि चौपट वजनाचा होता. तो ओट्यापासून स्वयंपाकघरात नेताना आम्ही दोन ठिकाणी विसावा घेतला. सुरू केल्यावर त्याने असा घुमणारा आवाज काढला, की सरूबाई दळणाचा डबा घेऊन दारात आल्या.

“गिरणी घातली का काय, आप्पा?”

भांडे तासाभराने कोमट झाले. ट्रान्सफॉर्मर मात्र पंधरा मिनिटांत चांगला तापला. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या मांजरीने त्यावर मुक्काम ठोकला. तिसऱ्या दिवशी सरूबाईंनी तिला हाकलून तिथे विरजण लावलेल्या दुधाचे पातेले ठेवले. संध्याकाळी झाकण काढून त्या खूष झाल्या.

“कादरभाई, लई गुणाचं यंत्र केलं हो! दही काय झ्याक लागलंय!”

कादरभाईंनी मान लववून कौतुक स्वीकारले. घेवडा अजून टणकच होता.

*

पुस्तिकेतली प्रत्येक कृती एकाच वाक्याने संपत असे : सगळे एकत्र घाला, झाकण लावा आणि निश्चिंत मनाने आपल्या कामावर जा, आठ तासांनी जेवण तयार.

“कामावर कुठं जाऊ?” आप्पांनी विचारले. “काम तर मी विकलं!”

परंतु अडचण आप्पांच्या कामाची नव्हती, विजेच्या कामाची होती. आठ तास सलग वीज ही कल्पना ज्या देशात सुचली, तो देश आमचा नव्हता. आमच्याकडे वीज येई, टेके, पुन्हा जाई. तेव्हा मी माझ्या अनुभवाचा उपयोग करायचे ठरवले. आठवडाभर विजेच्या येण्याजाण्याच्या वेळा टिपल्या आणि एक वेळापत्रक तयार करून स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवले. त्यात सुटण्याची वेळ, थांबे, पोहोचण्याची अपेक्षित वेळ आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. अत्यंत सुवाच्य.

पहिल्या दिवशी तुरीची डाळ सकाळी सहाला सुटली. नऊला वीज गेली. दोनला आली, चारला गेली. रात्रभर डाळ वाटेतच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघांनी भांड्यात डोकावून पाहिले.

आप्पा मला म्हणाले, “कंट्रोलर, ही डाळ हाय का मुक्कामी गाडी?”

सरूबाईंनी वास घेतला आणि गाडी थेट उकिरड्यावर रवाना केली.

*

सतीशचा फोन दर रविवारी सकाळी येई. त्या रविवारी भांड्यात दुसरी डाळ होती. आप्पांना खोटे बोलता येत नाही. दुकानदाराच्या बाबतीत हे विधान कुणाला अतिशयोक्त वाटेल, पण मी साक्षीदार आहे.

“आप्पा, आज काय केलंय?”

“डाळ चालू हाय.”

“वा! कधी टाकली?”

आप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवून नकार दिला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि सांगून टाकले, “परवा.”

पलीकडे इतकी शांतता पसरली, की कादरभाईंना लाइन तुटली असे वाटले. मग सतीशचा आवाज आला, “पासपोर्ट जपून ठेवलाय ना तुम्ही?”

त्या दिवशी आप्पा ओट्यावर आले नाहीत.

*

आता हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की आप्पा उपाशी राहत नव्हते. फोनच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सरूबाईंचे ताट नम्रपणे परत केले. “जे काय कच्चं-पक्कं होईल ते खाईन,” म्हणाले. मग वीज गेली, की भांड्यातले अर्धे शिजलेले जे काही असेल, ते पातेल्यात ओतून वहिनींच्या गॅसवर चढवायचे. भिंतीपलीकडून सूचना सुरूच असत.

“आधी मोहरी, आप्पा! तडतडू द्या! आता हळद... जाळली का? जाळलीच!”

पहिली भाकरी तव्यापर्यंत अखंड पोहोचली नाही. वाटेत तिचे दोन भाग झाले. आप्पांनी दोन्ही भाग शेजारी शेजारी भाजले आणि अभिमानाने म्हणाले, “एका गोळ्यात दोन झाल्या!”

“गिऱ्हाइकाला दाखवल्यागत उचलून कावून बघताय?” सरूबाई ओरडल्या. “थापा तिला, थापा! हात ओला करा! भाकरी हाय ती, परात न्हाई!”

मी रोज वेळापत्रकातल्या शेऱ्याच्या रकान्यात लिहीत गेलो : ‘कुकरमध्ये अपूर्ण. गॅसवर पूर्ण.’ दुसऱ्या दिवशीही तेच. श्रावण गेला, गणपती गेले, दसरा गेला. शेरा बदलला नाही. प्रयोग म्हणून पाहिले, तर इतके सातत्यपूर्ण अपयश माझ्या वाचनात आलेले नाही. दिवाळीला आठ दिवस उरले, तेव्हा मी खेदपूर्वक सांगितले, “आप्पा, या भांड्यात एकही जेवण आपल्याला पुरे करता आलेले नाही.”

आप्पा वांग्यांना चिरा देत होते. मान वर न करता म्हणाले, “बघू हो, कंट्रोलर. कूट जरा सरकवा इकडं.”

*

सतीश आला. अंगाने भरला होता, बोलण्याने कमी झाला होता. दुसऱ्याच दिवशी परीक्षा ठरली. सकाळी सहाला आप्पांनी त्याच्यासमोर धुतलेली डाळ, पाणी, हळद आणि मीठ भांड्यात घातले, झाकण लावले, खटका फिरवला. ट्रान्सफॉर्मर घुमू लागला. सात वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. माझ्या वेळापत्रकापेक्षा पन्नास मिनिटे आधी!

बारापर्यंत ती आली नाही. कादरभाई दर अर्ध्या तासाने उठून खांबाकडे बघून येत, जणू तो त्यांना घाबरणार होता. शेवटी सतीशने झाकण काढले आणि चमचा घातला. डाळीचा दाणा न् दाणा वेगळा मोजता आला असता.

मी आणि कादरभाई उंबऱ्याशी बसून फरशीकडे पाहत होतो. भिंतीवरून सरूबाई वाकून बघत होत्या.

“आप्पा,” सतीश हळू म्हणाला, “मी तुम्हाला दोष देत नाही. पण आपलं ठरलं होतं.”

“ठरलं होतं,” आप्पा म्हणाले. “भूक लागली का तुला?”

“लागलीय.”

“मंग बस की.”

आप्पांनी भांडे उचलून डाळ प्रेशर कुकरमध्ये ओतली. सकाळपासून भिजलेली, तीन शिट्ट्या पुरल्या. तेवढ्यात दुसऱ्या शेगडीवर तवा चढला. परातीत पीठ मळले गेले, हात ओला झाला, भाकरी थापली जाऊ लागली. तो थप थप आवाज ऐकून सतीश पाटावरून अर्धवट उठला आणि आत डोकावून पुन्हा बसला. फोडणीत मोहरी तडतडली. लसूण लाल झाला. हळद जळली नाही. तव्यावरची भाकरी टम्म फुगली, तेव्हा कादरभाईंनी माझा गुडघा इतक्या जोराने दाबला, की दोन दिवस दुखत होता.

सतीश जेवला. पहिली भाकरी डाळीत चुरून. दुसरीही. तिसरी अर्धी झाल्यावर त्याने डावा हात खिशात घातला आणि एक लांबट लिफाफा काढून पाटाशेजारी ठेवला. लिफाफ्याकडे पाहत म्हणाला :

“आप्पा, मी तुमचं तिकीट काढून ठेवलंय. ते परत होत नाही. खिडकीजवळची जागा आहे. ती रिकामी जाईल हो.”

आप्पांनी तव्यावरची भाकरी उलटली.

“मंग रुमाल टाकून ठेव,” ते म्हणाले. “अजून अर्धी देऊ का?”