अठरा ग्रॅम

सुदामच्या हातात पुस्तक ठेवलं की तो आधी नाव बघत नसे, वजन सांगे. "एक किलो नऊशे चाळीस." मग ते काट्यावर जाई, आणि काटा फार तर पाच-सात ग्रॅम इकडंतिकडं दाखवी. तेवढी चूक काट्याची, असं सुदामचं मत होतं.

ही विद्या त्यानं सव्वीस वर्षं घालवून मिळवली होती. लातूरच्या एका छापखान्यात त्यानं आधी अक्षरांचे खिळे जुळवले, मग बांधणी केली. पुढं छापखाना मालकाबरोबर म्हातारा झाला आणि मालकाच्या आधी गेला. सुदामकडं उरल्या दोन गोष्टी. समोर आलेलं अक्षर, उलटं असो की सुलटं, वाचल्याशिवाय न राहवणं ही एक, आणि शिकवण्यांच्या गल्लीमागची पत्र्याची खोली ही दुसरी. लातुरात डॉक्टर व्हायला पोरं हजारोंनी येतात आणि बहुतेक डॉक्टर न होता जातात. जाताना पुस्तकं मागं राहतात. ती किलोवर घ्यायची आणि मोबाईलवर फोटो टाकून नगावर विकायची, हा सुदामचा धंदा. लोक त्याला रद्दीवाला म्हणत. तो स्वतःला पुस्तकविक्रेता म्हणे. बायको बबिता काहीच म्हणत नसे, ती पुठ्ठे कापून देई.

पुस्तक मिळणं सोपं होतं, गिऱ्हाईकही मिळे. अवघड होतं ते पोचवणं. दीडशेच्या पुस्तकाला कुरिअरवाला दोनशे मागायचा. ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हातात द्यावं, तर घेणाऱ्यानं भल्या पहाटे हायवेवर उभं राहायचं. येणाऱ्या-जाणाऱ्यापाशी द्यावं, तर पुस्तक पोचतं, पण कधी आणि कुणाला ते देवालाही सांगता येत नाही. त्याचं एक रसायनशास्त्र असंच देगलूरच्या एका लग्नात आहेर म्हणून गेलं होतं, आणि नवरदेवानं ते ठेवूनही घेतलं.

शेवटी पोस्टच. पोस्टात पुस्तकांसाठी वेगळा स्वस्त दर आहे. मध्यंतरी जुनी सोय बंद पडली होती, मग नव्या नावानं सुरू झाली. गठ्ठा जमिनीवरून जातो आणि सावकाश जातो. पाच किलोच्या वर घेत नाहीत. आत छापील पुस्तक पाहिजे, कुणाचं पत्र नको. आणि दर किलोकिलोच्या पायरीनं चढतो. दोन किलोच्या वर एक ग्रॅम गेला की तिसऱ्या किलोचा दर. फरक पंधरा रुपयांचा. ज्याला पुस्तकामागं चाळीस सुटतात, त्याला पंधरा रुपये म्हणजे कुठून तरी कापूनच आणावे लागतात.

सुदाम ते पुस्तकातूनच कापायचा.

बांधणीच्या काळातली सुरी त्यानं जपून ठेवली होती. पुस्तक पायरीच्या थोडंसं वर भरलं की तो ते मांडीवर घेई आणि शिवणीपाशी सुरीची धार टेकवून आधी क्लासच्या जाहिराती काढी, मग उत्तरपत्रिकेचा नमुना, आणि तरी काटा ऐकेना तर शेवटची 'कच्च्या कामासाठी' म्हणून सोडलेली पानं. काम इतकं सफाईदार की घेणाऱ्याला संशयही येत नसे. "वाचणाऱ्याचं काय जातंय?" तो बबिताला म्हणे. काढलेली पानं मात्र तो फेकत नसे. ज्या गठ्ठ्यात वजनाची जागा शिल्लक असेल, त्याच्या कोपऱ्यांत त्यांचे गोळे करून ठासायचे, म्हणजे पुस्तकाचे कान मुडपत नाहीत.

"एकाची चरबी काढून दुसऱ्याला बाळसं," बबिता म्हणे.

पोस्टाच्या खिडकीवर रविकिरण नावाचा कारकून होता. गठ्ठा काट्यावर ठेवताना तो रोज तेच विचारी, "काय मामा, चिठ्ठीबिठ्ठी न्हाई ना आत?"

"न्हाई."

"बघा हां. एखादं प्रेमपत्र निघायचं."

"लिहिणारी असती तर मी इथं उभा राहिलो असतो का?"

असं सगळं सुरळीत चाललं होतं.

डिसेंबरातल्या एका दुपारी दारात एक बाई उभी राहिली. चाळिशीची असेल. हातात कापडी पिशवी, पायांत वहाणांवर शेतातली वाळलेली माती.

"सुदाम रद्दीवाले तुमीच का, भाऊ?"

सुदामनं पहिला शब्द ऐकला, दुसरा गाळला आणि मान हलवली.

बाईचं नाव कावेरीबाई. चाकूरजवळच्या खेड्यातली. तिची दीपाली दोन वर्षं लातुरात शिकायला होती. पहिल्या खेपेला थोडक्यात हुकलं, म्हणून दुसरं वर्ष लावलं. सप्टेंबरात ताप आला, डेंग्यू निघाला, आणि सहाव्या दिवशी ती गेली. हे कावेरीबाईनं बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. दिवाळीनंतर नवरा, देविदास, तिला न विचारता पुस्तकांची थैली घेऊन लातूरला आला आणि देऊन गेला. डोळ्यासमोर नको म्हणून.

"समदी पुस्तकं नकोत मला," ती म्हणाली. "एकच पायजे. जाडजूड, वर हिरवं पान हाय आन् बेडूक हाय. त्येच्या मागच्या कोऱ्या पानांवर माझी अक्षरं हायत."

"तुमची?"

"हाव. मला लिवाया येत नव्हतं. उन्हाळ्यात घरी आली तवा शिकवून राहिली व्हती मला. म्हणायची, आई, ह्येच्याइतकं जाड पुस्तक तुला मिळणार न्हाई, ह्येच्यातच लिव. मी काढायची, ती लाल पेनानं तपासायची. मार्क द्यायची मला, भाऊ. मास्तरीणबाईगत."

सुदामच्या बोटांना ते पुस्तक लगेच आठवलं. दोन किलो चौदा ग्रॅम, पुठ्ठ्यासकट. जाहिराती आधीच कुणीतरी फाडलेल्या होत्या. उरली होती मागची सहा पानं. त्यावर वाकडीतिकडी, ओळीबाहेर पळणारी मोठी अक्षरं, आणि त्यांवर लाल पेनाच्या खुणा. कुणा बारक्या भावाची गिचमिड दिसतीय, असं त्याला वाटलं होतं. अशा पानांवर गिऱ्हाईक कुरकुर करतं. सुरी फिरली. एक किलो नऊशे शहाण्णव. पंधरा रुपये वाचले.

"गेलं ते," तो म्हणाला. "पोस्टानं. अर्धापूरला."

बाईचा चेहरा पडला नाही, कारण तो आधीच पडलेला होता. सुदामला मात्र राहवेना. तो म्हणाला, "पण आणून देतो मी, ताई. परत मागवतो."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते त्याला सापडलं नाही असं नाही, त्यानं ते काढलं नाही. कावेरीबाईनं नवऱ्याचा मोबाईल नंबर एका चिठोऱ्यावर लिहून दिला. आकडे मोठे होते, पण ओळीत होते.

ती गेल्यावर बबिता म्हणाली, "पुस्तक आणून काय करणार? तिला पानं पायजेत."

"पानं बी आणतो."

ते पुस्तक बांधलं त्या दिवशी चटईवर दोनच गठ्ठे होते, हे त्याला पक्कं आठवत होतं. एक अर्धापूरचा. दुसरा उदगीरच्या गुंडप्पांचा, सुनेच्या नर्सिंगसाठीचा शरीरशास्त्राचा ग्रंथ, दोन किलो सहाशे. त्यात चारशे ग्रॅमची जागा होती. कोपरे त्यानं अगदी हौसेनं भरले होते.

गुंडप्पा निवृत्त गुरुजी. फोनवर त्यांना आनंद झाला. "बोला सुदामअण्णा! पुस्तक फस्क्लास पोचलं बघा. कोपरा सुद्दा मुडपला न्हाई."

"गुरुजी, कोपऱ्यात कागदाचे गोळे होते."

"होते की. लई बरं ठासता तुम्ही."

"ते हायत का?"

"गोळे?" गुंडप्पा हसले. "अहो, थंडी किती पडून राहिली इकडं! बंबात घातले. बेष्ट पेटले बघा. का हो, काय होतं त्याच्यात?"

"काही न्हाई," सुदाम म्हणाला. "कच्चं काम होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वच्छ शर्ट घातला आणि नांदेडची गाडी पकडली. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं स्वस्तात पाठवण्याच्या वाटा शोधणारा हा माणूस, पंधरा रुपये वाचवलेल्या एका पुस्तकासाठी चाकूर, अहमदपूर, लोहा असं करत नांदेडला गेला आणि तिथून पुढं अर्धापूरला. पानं राख झाली हे माहीत असून गेला. रिकाम्या हातानं खरं बोलायची त्याला सवय नव्हती.

अर्धापूरच्या शेषेरावांची केळीची बाग होती. बांधावरच त्यांनी सुदामला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"विकलेलं पुस्तक परत? चोरीचं हाय का?"

"न्हाई हो. जिचं होतं ती पोरगी वारली. आईला एकदा बघायचंय."

शेषेरावांनी घराकडं तोंड करून हाक मारली, "पुनम! ते बेडकाचं पुस्तक आण." पुनम आली. पुस्तकात तिनं जागोजागी कागदाच्या पट्ट्या खोवल्या होत्या. द्यायला तिचा हात जड झाला.

"काका, परत मिळंल ना? मागच्या तीन धड्यांचं राहिलंय माझं."

"आठ दिवसांत," सुदाम म्हणाला. एकाच आठवड्यात त्यानं दोन बायामाणसांना एकच पुस्तक कबूल केलं होतं.

परतीची गाडी चाकूरवरूनच जाते. फोन करून त्यानं कावेरीबाईला स्टँडवर बोलावलं. ती बाकड्यावर येऊन बसली होती, पदराला हात पुसत होती. सुदामनं पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं बेडकावरून हात फिरवला, मग पुस्तक पालथं केलं आणि मागून उघडलं.

शिवणीपाशी सहा बारीक कडा उभ्या होत्या. एकसारख्या, सरळ. एका कडेला लाल शाईचा, अक्षराच्या शेपटाएवढा तुकडा राहिला होता.

"हितं व्हती," ती म्हणाली.

"मी कापली," सुदाम म्हणाला. "वजन कमी करायला. दुसऱ्या गठ्ठ्यात घातली. तिकडं जळाली. त्याच दिवशी सांगायला पायजे होतं."

स्टँडवर गाडी लागली, माणसं चढली, गाडी गेली. कावेरीबाई लाल तुकड्याकडं बघत होती.

"तुमी वाचली व्हती का?"

"काय?"

"लाल पेनानं ती काय काय लिवायची पानाखाली. मला तवा समदं वाचाया येत नव्हतं. इचारलं तर म्हणायची, शिक आन् तूच वाच." तिनं त्या लाल तुकड्यावर बोट ठेवलं. "आता येतंय मला. दोन महिने घालवले म्या त्येच्यामागं."

सुदामनं वाचलं होतं. अक्षर दिसलं की वाचायची खोड होतीच. पण सहा पानं कापायला लागतात तेवढ्या वेळात एक ओळ वाचून होते. ती शेवटच्या पानावरची होती, आणि तिच्यातली 'आई' त्याला तेव्हा भावाबहिणीचा खेळ वाटली होती. आणखी चार ओळी रचून सांगणं अवघड नव्हतं. शाबास आई, छान अक्षर. बाईनं विश्वास ठेवला असता. त्यानं सव्वीस वर्षं लोकांची अक्षरं जशीच्या तशी जुळवली होती. पदरचं अक्षर घालायचा त्याला हात नव्हता.

"दहापैकी सात," तो म्हणाला. "आन् खाली, आई, उद्या जोडाक्षरं."

"आनिक?"

"आनिक न्हाई वाचलं."

कावेरीबाईनं मान हलवली. ओठांतल्या ओठांत ती ओळ एकदा म्हणून बघितली. मग तिनं विचारलं, "भाऊ, किती वजन व्हतं त्या पानांचं?"

हा प्रश्न त्याला आयुष्यात कुणीही, कधीही विचारला असता तर उत्तर तोंडातून आपोआप निघालं असतं. तसंच ते निघालं.

"अठरा ग्रॅम."

बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो.

तिनं पुस्तक मिटलं. त्यातल्या पट्ट्या दिसल्या तशी म्हणाली, "ह्या कुणाच्या?"

"अर्धापूरची पोरगी हाय. पुनम. परीक्षेला बसतीय."

"मग तिला धाडा लवकर," कावेरीबाई म्हणाली, आणि पुस्तक त्याच्या हातात देऊन उठली. "त्या सावकाश पोस्टानं नका धाडू. पोरीचा आभ्यास अडंल." चार पावलं जाऊन ती वळली. सुदामला वाटलं, आता शिव्या देईल. त्याला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "चाकूरला उतरायचा तरास झाला तुमाला," आणि रस्ता ओलांडून गेली.

सोमवारी सुदामनं पुस्तक पुठ्ठ्यात बांधलं. कोपऱ्यात काही घातलं नाही. खिडकीवर त्यानं रविकिरणला पहिल्यांदाच जास्त पैशांच्या, लवकर पोचणाऱ्या टपालाचा दर विचारला.

"काय मामा, लॉटरी लागली?" रविकिरणनं गठ्ठा काट्यावर ठेवला आणि सवयीनं विचारलं, "चिठ्ठीबिठ्ठी न्हाई ना आत?"

हे टपाल महागाचं. त्यात चिठ्ठी चालली असती.

"न्हाई," सुदाम म्हणाला. उदगीरच्या गठ्ठ्यालाही तो हेच म्हणाला होता. या वेळी ते खरं होतं.