सुरमईशेजारचा कॅमेरा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी लालबागच्या खाणावळवाल्या मावशीचं नाव घेईन. आणि 'नाही जमणार' हे शब्द ऐकूच न येणारी या मुंबईतली एकमेव बाई कोण, असं विचारलं तरी तिचंच घेईन. आजऱ्याहून शिकायला आलो तेव्हा घराण्यातला पहिला पदवीधर व्हायचं एवढंच मला ठाऊक होतं; जेवायचं कुठे, हे नव्हतं. ते मावशीने ठरवलं. तिच्याकडे "आज काय आहे?" असं विचारणाऱ्याला "जेवण" एवढंच उत्तर मिळे. ताटात टाकलेलं तिला चालत नसे आणि सल्ला तर मुळीच नाही. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यावर तिने डॉक्टर बदलला, आणि नवा शोधला तो तिसऱ्या मजल्यावरचा.

तिची लेक सुजाता कॉलेजच्या शिबिरातून गुलमर्गला गेली आणि दोन्ही पाय एका फळीला जखडून बर्फाच्या उतारावरून घसरत यायचा खेळ शिकून आली. स्नोबोर्डिंग. चाळीला विषय मिळाला. शेजारचे भाऊजी म्हणाले, "घसरायला काश्मीर कशाला गो? आमच्या मोरीत ये." मावशी भाकरी थापता थापता म्हणाली, "मोरीत घसरून तुम्ही कुठवर पोचलात ते दिसतंय की." पुढे सुजाताला या खेळाची प्रशिक्षक व्हायचं होतं. त्या अभ्यासक्रमासाठी उताराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंतची सलग, न कापलेली फिल्म पाठवावी लागे. आदल्या वर्षी मैत्रिणीचा फोन थंडीने मध्येच बंद पडला आणि अर्ज परत आला. वयाच्या अटीमुळे आता एकच संधी उरली होती. "शूटिंग मी करणार," मावशीने जाहीर केलं. तोवर तिने बर्फ पाहिला होता तो फक्त माशांच्या पेटीतला.

झालं, थंडीत कुठला कॅमेरा टिकतो ते पाहायला खाणावळीचा डीप फ्रीजर कामाला लागला. पहिला बळी माझा फोन. तो पापलेटांच्या मध्ये ठेवला गेला. आत माझ्या ऑफिसातल्या साहेबांचा कॉल वाजत होता आणि मावशी मला झाकण उघडू देत नव्हती. वाजायचा थांबला तेव्हा तिने उघडून पाहिलं. "हा मेला. पुढचा आण." पुढचा होता ठाकूरद्वारच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरचा, तोही एकेकाळी तिच्याकडेच जेवणारा. त्याचा भलामोठा कॅमेरा थंडीत टिकला, पण बाहेर काढून चुलीशेजारी ठेवताच काचेला घाम फुटला. फोटोग्राफर रडकुंडीला आला. "मावशी, आत बुरशी धरेल. थंडीतच पिशवीत घट्ट बांधायचा, मग घरात आणायचा, आणि निवांत गरम होईपर्यंत पिशवी सोडायची नाही."

"हे आधी सांगायचं ना रे. बस, जेवून जा."

मग आम्ही दुकानात गेलो. ऑक्टोबरच्या उकाड्यात मावशी लोकरीचे जाड हातमोजे घालून काउंटरसमोर उभी. विक्रेता मला म्हणाला, "काकूंना हा घ्या. टचस्क्रीन आहे, चेहरा एकदम उजळ येतो."

"चेहरा हेल्मेटात असतो. आणि घेणारी मी आहे, माझ्याकडे बघून बोल." मोज्यातल्या बोटाने तिने स्क्रीनवर टकटक केली. स्क्रीन ढिम्म. "याला माझा हात कळत नाही. दुसरा."

असे बरेच नापास करून तिने एक बुटका, जाडजूड, दिसायला ओबडधोबड कॅमेरा उचलला. मोज्यातूनही बोटाला लागेल असं बटण, आणि बॅटरी बदलता येणारी.

"काकू, हे जुनं मॉडेल आहे."

"मीपण. चालतेय ना?"

तो सुरमईशेजारी मुक्काम करूनही चालू राहिला. वास मात्र गुलमर्गपर्यंत गेला. साडीवर दोन स्वेटर, डोक्याला माकडटोपी आणि थंडीत उतरू नयेत म्हणून जादा बॅटऱ्या ब्लाउजमध्ये खोचलेल्या, अशी मावशी उताराच्या पायथ्याशी बर्फात उभी राहिली.

मी तोवर नोकरीसाठी नांदेडला आलो होतो. सुजाताने मला फिल्म पाठवली. अर्ध्या उतारावर ती आपटली आणि पडूनच राहिली. "माँजी, बंद करो, दुबारा लेंगे," असं कुणीतरी ओरडलं. त्यावर मावशीचा आवाज आला, "नाही. उठेल ती." सुजाता उठली आणि खालपर्यंत आली. नंतर नवी फिल्म घेऊ म्हणून सगळ्यांनी आग्रह केला, सुजातानेही. मावशी म्हणाली, "पडते तेपण बघू देत. उठतेय ना?" तीच फिल्म गेली.

निकाल कळल्यावर मी मावशीला पत्र लिहिलं:

"प्रिय मावशी,

फोनवर तू 'जेवलास का' एवढं विचारून ठेवून देतेस, म्हणून लिहितो. सुजाताची निवड झाली, आता अख्खा हिवाळा ती तिकडेच. चाळीतले विचारतील, पोरगी घरी कधी येणार. त्यांना काय ऐकवायचं ते मी तुला सांगायला नको.

फिल्म मी पुन्हा पुन्हा पाहिली. ती पडली तेव्हा सगळे तिच्याकडे धावले. पळत सुटावंसं तुलाच सगळ्यांहून जास्त वाटलं असणार. पण चित्र जागचं हललं नाही.

खाणावळ आवरल्यावर घर मोकळं वाटलं, तर शेवट पुन्हा बघ. ती खाली पोचते, गॉगल वर सारते आणि कॅमेऱ्याकडे नाही, त्याच्या जरा वर बघते, तुझ्याकडे. तिथे पहिल्यांदा चित्र हलतं."