प्रज्ञाच्या दाढा

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपुरात आमच्या शाळेत त्या दिवशी दातांची तपासणी होती. मी दुसरीची वर्गशिक्षिका आणि माझी मुलगी प्रज्ञा माझ्याच वर्गात...

डॉक्टर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. दात कसे घासायचे हे प्रार्थनेनंतर मुलांना मीच सांगायचे, त्यामुळे रांगेपाशी जरा ऐटीतच उभी होते.

प्रज्ञाने तोंड उघडलं आणि डॉक्टर थांबले. तिच्या नवीन आलेल्या कायमच्या दाढा पिवळट-तपकिरी होत्या, एकीचा तर कपचाच उडाला होता. थंड पाणी प्यायली की ती गाल धरायची... मला वाटायचं, दाढ येतेय म्हणून दुखत असेल.

कोणाची मुलगी म्हणून त्यांनी विचारलं. मी पुढे झाले.

"काय बाई, सगळ्यायले शिकवता अन् स्वतःच्या पोरीकडे लक्ष नाही?"

हेडमास्तर बाजूलाच होते. मुलं टकामका बघत होती. माझी मान वर होईना...

तेवढ्यात प्रज्ञा म्हणाली, "आईले नका बोलू जी. मीच दात घासत नाही."

साफ खोटं होतं ते. रोज दोन्ही वेळा मी स्वतः तिचे दात घासून द्यायचे. एवढीशी पोर माझी लाज झाकायला दोष स्वतःवर घेत होती... मेल्याहून मेल्यासारखं झालं. कसंबसं डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं.

त्यांनी आरसा पुन्हा तिच्या तोंडात घातला. दुधाचे दात स्वच्छ होते. गोड खाऊन दाढा किडल्या असत्या, तर आधी ते किडले असते. "या दाढा हिरडीतूनच कच्च्या आल्या," ते म्हणाले. दाढांचं कवच तान्हेपणीच बनतं, तेव्हा काहीतरी बिघडलं असावं. काय, ते त्यांनाही सांगता येईना.

रागावले होते मोठ्याने, हे मात्र हळू आवाजात... हेडमास्तरांपर्यंत पोहोचलंच नाही. दाढा पुढे दवाखान्यात भरून घेतल्या, पण कितीतरी दिवस मी मुलांसमोर दातांचा विषय काढला नाही.

परवा प्रज्ञाने फोनवर एक लेख वाचून दाखवला. प्लास्टिकमधली काही रसायनं हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात आणि तान्हेपणी पोटात गेली तर दातांचं कवच कच्चं राहू शकतं, असा संशय आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तसं दिसलंय, माणसांत अजून पक्कं नाही.

मला तिची दुधाची बाटली आठवली. काचेची फुटली म्हणून सीताबर्डीच्या बाजारातून हौसेने आणलेली, न फुटणारी प्लास्टिकची. रोज ती उकळायचे आणि तिच्यात गरम दूध ओतायचे...

"म्हणजे मीच पाजलं का वं ते तुले?" माझ्या तोंडून निघालं.

"आई, तेव्हा कोणाले माहीत होतं? चांगली समजूनच आणली ना तू."

लाज अजून पूर्ण गेलेली नाही. पण तिच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता... त्याबद्दल आज तिचे आभार इथे, सगळ्यांसमोर मानतेय. तोंडावर मला ते कधी जमलंच नाही.