मोजून खायचं नाही

सिकंदराबादजवळ काचीगुड्याला आमच्या दोन खोल्या होत्या, वरच्या मजल्यावर. लग्न होऊन मी नांदेडहून तिथे आले आणि पुढची सगळी वर्षं त्याच लहानशा स्वयंपाकघरात उभी राहिले. आमचे हे बालानगरला पंप बनवणाऱ्या एका खासगी कारखान्यात सुपरवायझर होते. पगार बरा होता, वर ओव्हरटाइम मिळायचा. दोन मुलं शाळेत जाणारी. खाण्यापिण्याच्या बाबतीत आमच्या घराचा नियम एकच होता आणि तो ह्यांनी घातलेला होता. मोजून खायचं नाही.

ह्यांना खायला घालायचा फार सोस. रविवारी मटण यायचंच, आणि चौघांना पुरेल एवढं कधी यायचं नाही, आठांना पुरेल एवढं यायचं. सीताफळांचे दिवस आले की टोपली यायची. कामावरून येताना हातात बेकरीतली गरम उस्मानिया बिस्किटं असायची, पिशवीला तूप सुटलेलं. आणि बरोबर बहुतेक वेळा कुणीतरी माणूस असायचा. जिन्यातूनच हाक यायची, "अगं, एक पान वाढव!" मी पान वाढवायची. सुरुवातीला मला त्याचा अभिमानही होता. माहेरी आमच्याकडे पाहुणा आला की आई आधी डब्यात डोकावून बघायची. इथे बघावं लागत नव्हतं.

मग बाहेरच्या देशांचे पंप यायला लागले. स्वस्त, हलके, रंगीत. ह्यांच्या कारखान्यातला माल गोदामात पडून राहू लागला. आधी ओव्हरटाइम बंद झाला. मग पगाराला उशीर होऊ लागला. मग अर्धा पगार आता, अर्धा पुढे कधीतरी, असं सुरू झालं. आणि गंमत अशी, की नेमक्या त्याच दिवसांत दुकानं भरायला लागली. आधी जे नुसतं ऐकून माहीत होतं ते सगळं फळीवर येऊन बसलं. चीजचे डबे, मक्याच्या पोह्यांचे खोके, दोन-दोन लिटरच्या थंड पेयांच्या बाटल्या. हिमायतनगरला एक मोठं दुकान उघडलं, तिथे गाडी ढकलत आपल्या हातानं माल काढून घ्यायचा. ह्यांना तिथे जायला फार आवडायचं. मुलं पुढे, हे मागे गाडी घेऊन, आणि सगळ्यात मागे मी, गाडीतलं एकेक काहीतरी हळूच परत फळीवर ठेवत.

"इतकी वर्षं मिळत नव्हतं म्हणून खाल्लं नाही," हे म्हणायचे. "आता मिळतंय तरी खायचं नाही का?"

एका पहिल्या तारखेला मी ह्यांना खुर्चीवर बसवलं.

"अहो, किराण्याचं जरा ठरवायला हवं."

"काय ठरवायचं? लागेल ते आणायचं."

"लागेल ते म्हणजे किती, तेच ठरवू या म्हणते."

"तू काय वाण्याची बायको आहेस का?" असं म्हणून हे हसले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. तासाभरानं मुलांसाठी जिलेबी घेऊन परत आले.

हे भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणात निदान दुसऱ्याचं म्हणणं कानावर पडतं. हे नुसते हसायचे, उठायचे आणि काहीतरी घेऊन यायचे. दर महिन्याला मी बोलायची, दर महिन्याला हे उठायचे. पुढेपुढे मला तोंड उघडायच्या आधीच दमल्यासारखं व्हायचं.

शेवटी मी माझ्या परीनं सुरू केलं. तुरीच्या डाळीत निम्मी मसूर मिसळायला लागले. तेल सुटं पामोलिन आणायला लागले. भाजीला अंबरपेठेत जायची, तेही दिवस कलल्यावर, भाजीवाल्या उठायच्या घाईत असताना. "ले लो अम्मा, पूरा ले लो," म्हणत त्या उरलेली वांगी, पिचकलेले टोमॅटो पिशवीत ओतायच्या. जाताना चालत आणि येताना दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पुन्हा चालत. घरी येईपर्यंत बोटांवर वळ उठलेले असायचे.

एकदा जाडा तांदूळ आणला. ह्यांनी पहिल्या घासाला ओळखलं.

"हा कसला भात?"

"बारीक संपला होता दुकानात."

ह्यांनी तो तसाच खाल्ला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे बारीक सोना मसुरी तांदळाचं अख्खं पोतं खांद्यावर घेऊन जिना चढून आले. घामानं शर्ट भिजलेला, चेहरा मात्र खुशीत. "कारखान्याच्या सोसायटीतून आणलं. पगारातून कापतील हळूहळू. तू परेशान होऊ नको."

त्या पोत्याकडे बघत मी बराच वेळ उभी राहिले. मग कुकर लावला.

कमी करण्यासारखं आता घरात एकच उरलं होतं, ते म्हणजे माझं स्वतःचं जेवण. मी काही ठरवून केलं नाही. आमच्याकडे मी सगळ्यांना वाढून शेवटी जेवायची, जशी आई जेवायची, सासूबाई जेवायच्या. ह्यांना गरम पोळी ताटात पडायला हवी आणि पाहुणा असला की आग्रह करायला हवा. पूर्वी शेवटी बसले तरी पातेल्यात असायचं. आता मी शिजवायचं कमी करत होते आणि वाढणं मात्र पूर्वीसारखंच चालू होतं. मटणाचा रस्सा उरायचा, मग तोही उरेना. डाळीच्या पातेल्याला भात पुसून खायची. कधी ठेचा आणि अर्धी पोळी. पाहुणे असले की रात्रीच्याला चहात बिस्किट बुडवून भागायचं. भूक लागायची आणि मरायची. त्याचंही मला फार काही वाटेना.

जिना चढताना धाप लागू लागली. कपडे वाळत घालताना डोळ्यांपुढे काळे ठिपके यायचे. मला वाटलं, वय होतंय. तेव्हा मी पस्तिशीचीही नव्हते.

एके दिवशी अंबरपेठेहून येताना जिन्यातच पडले. शुद्धीवर आले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाई तोंडावर पाणी मारत होत्या आणि माझे टोमॅटो पायऱ्यांवरून अंगणापर्यंत पसरले होते. "अम्मा, सब इकट्ठा करा दूँगी, तुम लेटे रहो," त्या म्हणत होत्या, कारण मी पहिला हात टोमॅटोंकडे केला होता.

संध्याकाळी हे मला चौकातल्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली आणि ह्यांना विचारलं, "घर में खाने-पीने का क्या हाल है?"

ह्यांना ते लागलं. "डॉक्टरसाब, हमारे घर में खाने की क्या कमी? बाहर के लोग भी खाके जाते."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

"इनको खून नहीं है," ते म्हणाले. "ये नहीं खा रहीं. मालूम करो कैकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कामावर गेलेच नाहीत. बाहेर जाऊन आले ते दोन थैल्या भरून. खजूर, डाळिंबं, बीट, काळीज, अंजिरांचं पाकीट, दुधात घालून प्यायच्या पावडरचा मोठा डबा. सगळं माझ्या उशाशी मांडलं. त्या मांडलेल्या सामानात आमची अर्ध्या महिन्याची भाजी गेलेली मला दिसत होती. मला हसू आलं आणि मग ते हसू काही नीट राहिलं नाही.

"रडतेस कशाला? सगळं होईल ठीक. हे खा आधी."

"हे परत करून या."

"परत? तुझ्यासाठी आणलंय."

"तुमच्यासाठी आणलंय. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

हे खाली बसले. मुलं शाळेत गेली होती. बराच वेळ डाळिंबाचं देठ खुडत राहिले. मग म्हणाले, "तू जेवत नाहीस हे मला सांगायचं नाही?"

"रोज तुमच्या डोळ्यांदेखत जेवत नव्हते."

 ह्या वेळी हे नेहमीसारखे उठून गेले नाहीत, आणि मला त्याचंच आश्चर्य वाटलं. मग खाली बघत बोलायला लागले. हे लहानपणी परभणीला मागासवर्गीय मुलांच्या वसतिगृहात होते एवढं मला माहीत होतं. तिथल्या जेवणाबद्दल कधी बोलले नव्हते. ताटात दोन भाकरी पडायच्या. वाढणारा माणूस टोपली घेऊन पुढे गेला की गेला. एकदा ह्यांनी तिसरी मागितली तर त्यानं ह्यांना उभं केलं आणि सगळ्या पंगतीला विचारलं, "हा घरी किती खातो, कुणाला माहितीय का?" पोरं हसली. पंगत उठेपर्यंत हे तसेच उभे होते.

"तेव्हाच ठरवलं होतं," हे म्हणाले. "माझ्या घरात कुणी मोजून वाढणार नाही."

मला त्या उभ्या मुलाबद्दल वाईट वाटलं. पण मी इतकी थकले होते, की त्याला जवळ घेण्याइतकीही ताकद माझ्यात नव्हती.

"मला तर तुम्ही वाढलंच नाही," मी म्हटलं. "मोजून नाही आणि न मोजताही नाही."

त्या दिवशी काही मिटलं बिटलं नाही. खजूर आणि डाळिंबं परत गेली नाहीत, ती मी खाल्ली. डबा मात्र हे जाऊन परत करून आले, दुकानदाराशी हुज्जत घालून. डब्याच्या परत आलेल्या पैशाचं काय करायचं ते बोलू या, असं मी म्हटलं तेव्हा ह्यांचा चेहरा असा झाला, की मीच विषय सोडला. किती तेल, किती साखर, असं मोजायला बसणं, ते ह्यांच्याकडून होणार नव्हतं. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

बरं वाटायला लागल्यावर मी एवढंच केलं, की वाढणं बंद केलं. पोळ्या आधी करून ठेवल्या, डाळीचं पातेलं, भाजी, भात सगळं मधोमध जमिनीवर ठेवलं आणि चार ताटं मांडून चौथ्यावर स्वतः बसले.

"हे काय?"

"सगळे एकदम बसू. ज्याचं त्यानं घ्यायचं."

"पोळी गार होईल."

"होऊ दे."

मुलांना मजा वाटली. हे अवघडले. डाळ दुसऱ्यांदा घ्यायला पळी घातली, पातेल्यात बघितलं, मग माझ्या ताटात बघितलं. पळी तशीच धरून राहिले. मग ती माझ्या भातावर ओतली आणि स्वतःसाठी लोणच्याची फोड घेतली. इतक्या वर्षांत ह्यांनी पातेल्यात पहिल्यांदा बघितलं होतं.

पुढे कामावरचा एक माणूस जेवायला आला, तोही त्याच गोलात बसला. पाच जणांत ते पातेलं फिरलं आणि कसंबसं पुरलं. त्यानंतर माणसं जेवायला येईनाशी झाली. कुणी भेटायला आलं की हे त्याला खाली नेऊन चहा पाजायचे, "चलो, नीचे बैठेंगे," म्हणत. रविवारचं मटण निम्म्यावर आलं आणि त्यात बटाटे दिसू लागले. मी सांगितलं नव्हतं. अंबरपेठेला हे माझ्याबरोबर यायला लागले. घासाघीस ह्यांना जमायची नाही, सांगेल तो भाव देऊन मोकळे व्हायचे, पण पिशव्या दोन्ही ह्यांच्या हातात असायच्या.

सगळंच काही सुधारलं नाही. मधूनच एखाद्या संध्याकाळी मिठाईचा मोठा खोका यायचा आणि मी तो न बोलता फडताळात ठेवायची. आणि हे गप्प झाले होते. पूर्वी जेवताना केवढं बोलायचे, ताटावर थाप मारून पाहुण्याला आग्रह करायचे, गोष्टी सांगायचे. तो आवाज घरातून गेला. पैसा पुरायला लागला आणि जेवणं पटकन आटपायला लागली. मला हवं होतं ते मिळालं होतं, पण ते मिळाल्याचा आनंद काही झाला नाही. नुसतं अंग टेकायला मिळाल्यासारखं वाटलं.

वर्षा-दोन वर्षांत कारखाना बंद पडला. थोडीफार रक्कम हातात देऊन सगळ्यांना घरी पाठवलं. हे सिकंदराबादला मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात लागले, मी साड्यांना फॉल लावायला सुरुवात केली. त्या दिवसांत खरंच फार कमी होतं, आणि ते निभावलं, कारण तोवर आम्हा चौघांनाही पातेल्याकडे बघून हात आखडता घ्यायची सवय झाली होती. महिन्याचं बसून ठरवणं आम्हाला शेवटपर्यंत जमलं नाही.

आता मुलं आपापल्या घरी आहेत. आम्ही दोघंच. पैशाची तशी ददात नाही. पण हे अजूनही पहिला घास घ्यायच्या आधी थांबतात आणि विचारतात, "तू घेतलंस ना?" दोन्ही वेळा, रोज. कधीकधी मला त्याचा वैताग येतो. माझ्या ताटात दिसत असतं सगळं.

"घेतलं हो," मी म्हणते. "जेवा."