मी गुणाची झाले ते दिवस

माझं लग्न ठरलं ते माझं डोकं बिघडत होतं म्हणून. हे मी आईसमोर बोलत नाही, ती रडायला लागते. पण खरं तेच आहे.

त्याआधी आलेली सगळी स्थळं माझ्या तोंडानं घालवली होती. कळंबच्या कॉलेजला जाताना एसटीत जागेवरून भांडणारी मी. बघायला आलेल्यांनी "स्वयंपाक येतो का?" विचारलं की "तुमच्या मुलाला येतो का?" म्हणणारी मी. "हिला कोण करून घेणार," असं आई येता-जाता म्हणायची आणि भिंतीपलीकडं राहणारी काकू, म्हणजे माझी चुलती, ते गावभर पोचवायची.

मग बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी गप्प होत गेले. एसटीत मागं कुणी हसलं की मलाच हसतंय असं वाटायचं. पुढं पुढं वाटणं संपलं, खात्रीच झाली. वर्गात सरांचे शब्द ऐकू यायचे, पण त्यांचं वाक्य काही होईना. मी कॉलेजला जाणं सोडलं. मोबाईलमधून कुणीतरी माझं बोलणं ऐकतंय म्हणून तो बंद करून ज्वारीच्या कोठीत खुपसून ठेवला. डोक्यातले विचार केसांतून बाहेर दिसतात असं वाटायला लागल्यावर घरातसुद्धा डोक्यावरून ओढणी घ्यायला लागले.

आणि आमच्या घरात आनंदीआनंद झाला. पोरगी घरात बसते, मोबाईलला हात लावत नाही, डोकं झाकून वावरते! वडील म्हणाले, "आता कुठं वळणावर आली." उभ्या जन्मात त्यांनी माझं केलेलं पहिलं कौतुक ते. पहिल्या वर्षाला मी कॉलेजात पहिली आले होते, तेव्हा नुसतं "बरं" म्हणाले होते.

एकदा मी आपणहून आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हटलं, "आई, जवळ कुणी नसलं तरी मला कुणीतरी बोलल्यागत ऐकू येतंय गं. लई भ्या वाटतंय. दवाखान्यात नेतीस का?"

तिचा हात थांबला. तिला त्या क्षणी कळलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि खाली बघत म्हणाली, "दवाखान्याचं नाव काढू नकू. धाराशिवचं स्थळ येतंय. हळद लागंपर्यंत कळ काढ."

स्थळ आलं. मुलाची आई टक लावून बघत होती. नजरेतून ती माझ्या डोक्यात शिरेल म्हणून मी मान खाली घातली ती वर केलीच नाही. तिनं स्वयंपाकाचं विचारलं, पण माझ्या आधी डोक्यातल्या आवाजानंच उत्तर दिलं. मी दचकले आणि बोलायचंच राहिलं. बाई खूश. "अशी लाजरी पोर आजकाल दिवा घेऊन हुडकली तरी सापडत न्हाय," म्हणाल्या. लग्न तिथल्या तिथं ठरलं.

मग केळवणं सुरू झाली. लग्न ठरलेल्या मुलीला भावकीतल्या घराघरात जेवायला बोलावतात आणि आग्रह करकरून वाढतात. तोवर माझी खात्री पटली होती की जेवणात माझ्यासाठी काहीतरी कालवलेलं असतं. ज्या जिवाला घासाचीच भीती, त्याला जेवायला घरोघर फिरवायचं! याहून मोठा छळ मला अजून सुचलेला नाही. मी घास गालात धरून बसायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, मग हळूच ओढणीत थुंकायचे. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. "माहेर सुटायचं म्हणून घास उतरंना गं लेकराला." माझी हाडं दिसायला लागली, तर नवरी बारीकच बरी दिसती म्हणाल्या. झोप उडाली, तर एकमेकींना कोपरानं ढोसून हसल्या. माझ्या प्रत्येक लक्षणाला त्यांच्याकडं नवरीचं एक कारण तयार होतं.

शेवटचं केळवण काकूकडं. तिनं पुरणपोळीचा घास तुपात बुडवून माझ्या तोंडाशी धरला. मी तोंड मिटून घेतलं. तिनं दुसऱ्या हातानं हनुवटी दाबली आणि घास आत कोंबला. सगळ्या हसल्या. मी तिच्या बोटांसकट चावले.

"आधी तुम्ही खावा! काय कालवलंय ते मला ठाऊक हाय!" मी तिचे केस धरून तिचं तोंड ताटात दाबलं. काकू ओरडायला लागली तेव्हा कुठं हसणं थांबलं. वडिलांनी गोठ्यातलं दावं आणून माझे हात बांधले आणि मला जीपमध्ये घातलं. सगळी गल्ली बघायला बाहेर आली होती. मुलाकडच्यांना कळायला किती वेळ लागणार? "येडी पोरगी आमच्या गळ्यात बांधत होतात व्हय?" असा त्यांचा फोन वाटेतच आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी आईला विचारलं, हे कधीपासून? "आज जेवताना एकदम झालं बघा, साहेब. त्याच्या आदी काहीच न्हाय. उलट लई गुणाची झाली होती."

"गुणाची म्हणजे?"

आई सांगत गेली. बोलत न्हाय, कुठं जात न्हाय, मोबाईल नको, मैतरणी नकोत, डोक्यावरची ओढणी ढळू देत न्हाय. सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. मी इंजेक्शनच्या गुंगीत ऐकत होते. मी आवाजांबद्दल सांगितलेलं तेवढं तिनं सांगितलं नाही. मला तिचा इतका राग आला की उठता आलं असतं तर मी तिलाही चावले असते.

आता गोळ्या चालू आहेत. आवाज गेले, जेवण जातं, कॉलेजही पुन्हा सुरू झालंय. परवा वडिलांना मी तोंडावर म्हणाले, "तुम्ही मला जनावरासारखं बांधलं, ते चुकलं." वडील घाबरून आईकडं बघायला लागले. आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"गोळी घेतलीस न्हवं?"

घेतली होती. मी जरा आवाज चढवला की ती हेच विचारते. ज्या दिवशी मी सकाळपासून एक शब्द बोलत नाही, त्या दिवशी कुणी काही विचारत नाही.