मालनबाईंची दोन कलमं

आमचे हे, म्हणजे इन्स्पेक्टर हिम्मतराव, कलमांचे फार शौकीन. आंब्याच्या नव्हे, कायद्याच्या. नागपुरात कुणाची सायकल बिनदिव्याची दिसली तरी यांच्या तोंडून आधी कलमाचा आकडा बाहेर पडायचा आणि मग त्या माणसाला नाव विचारलं जायचं. एकोणपन्नास साली यांची बदली हैदराबादला झाली. पोलीस ॲक्शन होऊन काही महिने लोटले होते, निजामाचं पोलीस खातं पार विस्कटलं होतं, म्हणून आमच्या मध्य प्रांतातून अधिकारी मागवले होते. निघताना यांनी ट्रंकेत सदरे कमी आणि कायद्याची पुस्तकं जास्त भरली, आणि ती ट्रंक मला उचलायला लावली. ते असो.

हिमायतनगरात आम्हांला एक बंगला मिळाला. मूळ एका जागीरदाराचा. ते कुटुंब कराचीला निघून गेलं होतं आणि बंगला सरकारनं ताब्यात घेतला होता. भिंतींवर तसबिरी काढल्याच्या चौकोनी खुणा तशाच होत्या. मला त्या घरात पहिले काही दिवस मोठ्यानं बोलायचीसुद्धा चोरी वाटे.

मालनबाई मला पहिल्यांदा भेटल्या त्या आमच्या आवाराच्या भिंतीवर बसलेल्या. एक पाय त्यांच्या अंगणात, एक आमच्या. नऊवारीचा काचा घट्ट मारलेला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, एका हातात पानाच्या डब्यातला अडकित्ता आणि दुसऱ्या हातात कसल्याशा झुडपाच्या चार फांद्या. बाई चांगल्या भरल्या अंगाच्या. तेवढं वजन घेऊन त्या तिथवर चढल्या कशा, हे मला अजून उमगलेलं नाही.

"कोण तुम्ही?" मी ओरडले.

"मी मालन. पेशकारांच्या घरची, शेजारची. तुम्ही इन्स्पेक्टरीणबाई ना? जरा हात द्या बरं, उतरायला परेशानी होऊ लागली."

आणि मी हात दिला! पोलिसाची बायको असून चोराला भिंतीवरून उतरवलं. तेवढ्यात ओसरीवर दाढी करत बसलेले हे गालाला फेस तसाच ठेवून धावत आले.

"सरकारी आवारातलं झाड तोडता? बाई, कलम लावीन मी! कलम!"

मालनबाईंचा चेहरा एकदम खुलला. "तुम्ही कायकू तकलीफ घेता, साहेब? मी लावते ना. कलम लावायचं म्हणजे नाजूक काम. तुमच्यासारख्या मर्दाच्या हातानं मोडून जायचं."

यांनी हातातला वस्तरा नुसता वर केला आणि परत खाली आणला.

मला तिथल्या तिथं उलगडा झाला. नागपूरला येणाऱ्या हैदराबादी पाहुण्यांच्या तोंडून मी ऐकलं होतं की निजामाच्या कचेऱ्यांत सगळा कारभार उर्दूत, आणि कायद्याच्या कलमाला तिकडे 'दफा' म्हणतात. कलम म्हणजे एक तर लिहायचा बोरू, नाहीतर जमिनीत खोचायची फांदी. झालं! एक जण कायदा शिकवतोय आणि दुसरीला वाटतंय, साहेब बागकामाला मदत करतायत. मी सांगायला हवं होतं खरं. पण लग्न झाल्यापासून या माणसाला कुणी निरुत्तर केलेलं मी पाहिलं नव्हतं. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले.

ते झुडूप म्हणजे कोरांटी होती. साधी पिवळी नव्हे. जांभळी, आणि प्रत्येक पाकळीवर पांढरे पट्टे. मालनबाईंनीच मला दुपारी हे सांगितलं, कारण तेव्हा त्याला फूल नव्हतं आणि मला ते रानटी गवतासारखं दिसत होतं. उदगीरला त्यांच्या माहेरी परसात आईनं लावलेली कोरांटी होती. लग्न होऊन आल्या तेव्हा तिची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. ती लागली, वाढली, आणि तिचीच एक फांदी त्यांनी या बंगल्यातल्या बेगमसाहेबांना दिली. पुढं अठ्ठेचाळीसच्या धामधुमीत मालनबाईंचं घरदार सोलापूरला पळालं. परत येऊन बघतात तर त्यांची कोरांटी वाळून काडी झालेली. राहिली ती फक्त आमच्या आवारातली.

"आईच्या हातची आहे हो," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात दोनदा फांद्या नेल्या, करपल्या. आता मोसम आहे. आता नाही लागली तर गेलीच."

"बी नाही का पेरता येत?"

"बियांचा काय भरवसा? बी पेरलं की साधी जांभळी निघते. पट्टे पाहिजेत तर फांदीच लावायला पाहिजे."

आता पंचाईत अशी की ती कोरांटी नेमकी जिथं होती तिथं जीपसाठी शेड बांधायचं ठरलं होतं. जीप अजून आली नव्हती, पण शेडचा हुकूम आला होता. पाऊस जरा उघडला की मजूर येणार होते. मी यांना म्हटलं, न्या म्हणावं हव्या तेवढ्या फांद्या. तर हे म्हणाले, "झाड तिच्या आईचं असेल, जमीन सरकारची आहे. आज फांदी नेईल, उद्या दरवाजा नेईल." दाराला कुलूप, फाटकाशी शिपाई, आणि भिंतीवर काचा लावायचा विचार. एका कोरांटीसाठी! मला इतका संताप आला की त्या दिवशी मी वरणात मीठ घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालनबाईंकडून बेसनाच्या लाडवांचा डबा आला. साहेब स्वतः कलम लावायचं म्हणतात, म्हणून. हे लाल झाले. "लाच! पोलीस अधिकाऱ्याला लाच! आता एक नाही, दोन कलमं लावीन!" आणि खिडकीतून तसं ओरडूनही सांगितलं.

भिंतीपलीकडून मालनबाईंचा आवाज आला, "दोन? देव तुमचं भलं करो, साहेब!"

यांनी खिडकी लावून घेतली. लाडू मी खाल्ले. चांगले होते.

संध्याकाळी मालनबाईंचे यजमान केशवराव आले. अदालतीत पेशकार, म्हणजे जजसाहेबांपुढे एकेक मुकदमा मांडणारे. काळी शेरवानी, रुमी टोपी, आणि बोलणं इतकं नरम की ऐकणाऱ्यानंच आपला आवाज खाली करावा. हयात कायद्यात गेलेला माणूस. मला वाटलं, आता भांडं फुटणार. मी चहा घेऊन तिथंच थांबले.

"साहेब," केशवराव हात जोडून म्हणाले, "आमच्या घरच्यांसाठी तुम्ही दोन कलमं लावणार म्हणे. मोठी मेहेरबानी. पण लावायचीच तर लवकर लावा. मोसम निघून चालला."

हे खुर्चीत ताठ झाले. "तुम्ही अदालतीत नोकरीला आहात ना?"

"हौ. उमर गेली तिथं."

"आणि तुम्ही मला म्हणता, कलम लावा?"

"दोन काय, जमलं तर चार लावा. सगळीच लागतील असं थोडंच आहे?"

"माझी सगळी लागतात!" हे गरजले. "आजवर माझं एक कलम सुटलेलं नाही. नागपुरात विचारा कुणालाही!"

"वा! वा!" केशवरावांना खरोखर कौतुक वाटलं. "मग हाताला गुण आहे साहेबांच्या. खाली शेण लावता का?"

माझ्या हातातला चहा सांडला. मी मटकन खाली बसले आणि इतकी हसले की मला बोलता येईना. हे माझ्याकडे बघताहेत, केशवराव माझ्याकडे बघताहेत. शेवटी श्वास घेऊन मी म्हटलं, "अहो, इकडे कलम म्हणजे फांदी! आणि पेशकारसाहेब, आमचे हे दफा म्हणताहेत, दफा!"

केशवरावांचा चेहरा पांढराफटक पडला. "दफा? मालनवर? दोन?" टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. मग हळूच विचारलं, "लाडवांचीपण एक?"

यांच्या मिशीचं एक टोक थरथरायला लागलं, मग दुसरं, आणि मग हे हसले. घरात आल्यापासून पहिल्यांदा. नंतर एकदम गंभीर होऊन म्हणाले, "शेडचा हुकूम वरून आहे, त्याला माझा इलाज नाही. मजूर येईपर्यंत काय न्यायचं ते नेऊ द्या. फाटकातून या म्हणावं. भिंतीवरून नको, भिंत पडेल."

मग मालनबाई फाटकातून आल्या, आणि मला त्यांचा कारखाना बघायला मिळाला. फार कोवळी फांदी सडते आणि फार जून फांदी हटून बसते, म्हणून मधली घ्यायची, पेन्सिलीएवढ्या जाडीची. डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीच्या, जरा खाली तिरका काप. खालची पानं काढायची, वरची दोन ठेवायची, तीही अर्धी कापून. वाळू आणि जुनं खत कुंडीत भरून त्यात खोचायची आणि कुंडी न्हाणीच्या मागं सावलीत ठेवायची. हे सगळं करताना त्या फांद्यांशी बोलत होत्या, आणि ते काही लाडाचं बोलणं नव्हतं. "खबरदार इथं मेलीस तर! उदगीरपासून आणलं तुला, लाजबीज आहे का काही?" म्हटलं, अशानं लागतात? म्हणाल्या, "लाडावलेली लागत नाहीत."

एक कुंडी मला दिली. मी रोज सकाळी जाऊन एक फांदी उपटून बघायची, मुळं आली का, आणि परत खोचायची. माझी कुंडी सगळ्यांत आधी काळी पडली. मालनबाईंनी कपाळावर हात मारला. "लेकरू मोठं झालं का म्हणून रोज कान धरून उचलून बघतात का, इन्स्पेक्टरीणबाई?"

मजूर आले त्या दिवशी मात्र त्या आपल्या घराबाहेर पडल्या नाहीत. मी यांना म्हटलं होतं, मूळ झाडच उकरून त्यांच्याकडे लावूया. मालनबाईच नको म्हणाल्या होत्या, एवढं जुनं झाड हलवलं की जगत नाही. कुदळीचे आवाज ऐकत मी स्वयंपाकघरात बसून राहिले. दुपारी बघितलं तर तिथं नुसती सारखी केलेली माती होती. मला रडू आलं. अजून फूलसुद्धा पाहिलेलं नव्हतं मी त्याचं.

मालनबाईंच्या कुंड्यांतही एकेक फांदी जायला लागली. काहींना हिरवीगार पानं फुटली, आम्ही खूश झालो, आणि मग ती आतल्या रसावर फुटलेली फसवी पानं गळून पडली. यांनीसुद्धा चौकशी सुरू केली. कचेरीतून आले की बूट काढायच्या आत विचारायचे, "किती उरली?" शेवटी एकच उरली. ना वाढायची, ना मरायची. तिला मालनबाईंनी शिव्या देणंही बंद केलं. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

शेड बांधून झालं. जीप काही आली नाही.

कार्तिकात एका सकाळी मी भिंतीशी कपडे वाळत घालत होते. पलीकडून मालनबाईंची हाक आली, अगदी मुलीसारखी मोठ्यानं आणि उतावीळ. "बेगमसाहेब! ओ बेगमसाहेब! देखो जी, लग गया! पट्टे भी आए!"



मी बादली पालथी घातली, तिच्यावर चढून भिंतीपलीकडे पाहिलं. मालनबाई कुंडी उराशी धरून उभ्या होत्या, दुसरा हात तोंडावर. वीतभर फांदी, आणि तिच्या टोकाला एक फूल. जांभळं, पांढऱ्या पट्ट्यांचं.

"जीभ सवयीनं गेली हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही राग मानू नका."

"राग कसला? आईची कोरांटी जगली तुमच्या."

"आईची?" त्यांनी मान हलवली. "उदगीरला भावाच्या परसात रान माजलंय हिचं. कधीही मागितली असती तर गठ्ठा पाठवला असता त्यानं."

मला काही कळेना. "मग एवढा जीव का टाकलात हिच्यावर?"

"टांग्यात बसताना बेगमसाहेब म्हणाल्या, मालन, इसकू संभालो. दुसरं काही बोलता आलं नाही त्यांना. मलाही नाही." पदरानं त्यांनी नाक पुसलं. "आता पोलीस साहेबांना काय सांगायचं होतं मी? पाकिस्तानात गेलेल्या बाईचं झाड आहे म्हणून? म्हणून आईचं म्हटलं."

मी बादलीवर तशीच उभी.

"लागलं हे बेगमसाहेबांना कळायला पाहिजे हो," मालनबाई म्हणाल्या. "कसं कळवू?"

कराचीचा पत्ता त्यांच्याकडे नव्हता. माझ्याकडे नव्हता. ज्या घरात मी राहत होते, त्या घरात तो कुणाकडेच नव्हता. मी भिंतीवरून दोन्ही हात पुढं केले आणि म्हटलं, "द्या इकडे. दिवसभर बेगमसाहेबांच्या ओसरीवर ठेवते."

मालनबाईंनी कुंडी माझ्या हातात दिली.